ॲक्सोलॉटलच्या पुढ्यात कोळंबी

ॲक्सोलॉटल हा पाण्यातला सॅलॅमँडर तासन्‌तास टाकीच्या तळाशी पडून असतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, पापण्या नसलेले बारीक डोळे, हालचाल जवळपास शून्य. टाकीत एक पारदर्शक घोस्ट श्रिंप सोडली, की डोकं हळूच वळतं. नजर अधू असली तरी वास आणि पाण्यातली बारीकशी हालचाल त्याला बरोबर कळते. कोळंबी तोंडाशी आली की जबडा उघडतो आणि पाण्यासकट ती आत ओढली जाते. बरेचदा मात्र ती शेपूट आपटून मागे उसळते आणि स्वारीच्या तोंडात येतं ते नुसतं पाणी.

त्याचे दात नावापुरतेच. भक्ष्य धरून ठेवायला ते पुरतात, चावायला नाही. त्यामुळे सगळा कारभार अख्खं गिळण्याचा.

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे आहेत. रानटी ॲक्सोलॉटल आता तिथेच काय ते उरलेत. अळ्या, किडे, गोगलगायी आणि ‘अकोसिल’ नावाचं गोड्या पाण्यातलं चिमुकलं क्रेफिश हे त्यांचं खाणं. म्हणजे कवचवाला घास काही त्यांना नवा नाही. खाण्यासाठी मासळी वाढावी म्हणून विसाव्या शतकात तिथे कार्प आणि तिलापिया सोडण्यात आले. या माशांनी त्यांच्या अन्नात वाटा मागितलाच, शिवाय अंडीही फस्त केली. त्यात पाण्याचं प्रदूषण. १९९८मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते; २०१४च्या पाहणीत ३६ उरले होते. प्रयोगशाळांतले बहुतेक ॲक्सोलॉटल मात्र १८६४मध्ये पॅरिसला पोचलेल्या ३४ जणांच्या वंशातले.

टाकीतल्या या मंडळींचं रोजचं जेवण म्हणजे गांडूळ. प्रथिनं भरपूर, अंग मऊ, गिळायला सोपं. कोळंबीकडे तोंडी लावणं म्हणूनच पाहावं. तिच्यामुळे आळशी प्राण्याला शिकार करावी लागते, हा तिचा खरा फायदा; एरवी पोषणात गांडूळ तिच्यापेक्षा सरसच.

निवड मात्र डोळसपणे करायला हवी. चेरी श्रिंप लहान, मऊ आणि निरुपद्रवी. घोस्ट श्रिंप थोडी मोठी, आणि कोळंबी सोलताना बोटात घुसतो तसला डोक्यावरचा काटा तिलाही असतो. घोस्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या घोळक्यात कधी लांब नांग्यांच्या भांडखोर जातीही मिसळलेल्या असतात. त्या कल्ल्यांना चिमटे काढतात. दुकानातून आणलेल्या कोळंब्या महिनाभर वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे रोग आणि परजीवी टाकीत शिरायचा धोका कमी होतो. स्वयंपाकघरातला सुका जवळा किंवा मीठ लावलेली सुकट तर अजिबात नको. काही कोळंब्यांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. नुसत्या कोळंबीवर ॲक्सोलॉटल ठेवू नये याचं तेही एक कारण.

पिल्लांची तऱ्हा वेगळी. अंड्यातून निघाल्यावर काही आठवडे त्यांना फक्त हलणारं अन्न दिसतं. त्यांच्यासाठी ब्राइन श्रिंपची अंडी खाऱ्या पाण्यात घालतात, साधारण दिवसभरात ती फुटतात, आणि निघालेली पिल्लं गोड्या पाण्यात धुऊन टाकीत सोडतात.

ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सियसचं गार पाणी मानवतं. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात त्यासाठी चिलर लागतोच. चेरी श्रिंप त्या गारव्यात तग धरतात, शेवाळ आणि उष्टं खात फिरतात, पण त्यांची वीण मंदावते. म्हणून हौशी लोक त्यांची वसाहत शेजारच्या, थोड्या उबदार टाकीत जावा मॉसच्या झुबक्यात वाढवतात आणि हव्या तेव्हा जाळीने चार-पाच उचलून इकडे सोडतात.