कलश कोण उचलणार?

२०२० च्या दिवाळीत मला भीमपूरला जाता आलं नाही. मी हैदराबादला खोलीत, धाकटा भाऊ गावी. पैनगंगेच्या अलीकडे आमचं शेत आहे, आणि तेव्हा कापसाची वेचणी सुरू होती. फोनवर दोन मिनिटांत बोलणं संपायचं. म्हणून मी त्याला एक गेम टाकायला लावला : ‘फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स’.

हा जपानी गेम मूळचा २००३ चा, निन्टेन्डोच्या गेमक्यूबवरचा. चौघांनी खेळायचं तर टीव्ही एकच, पण प्रत्येकाच्या हातात वायरने जोडलेला गेम बॉय अॅडव्हान्स लागायचा. एकाच्या छोट्या पडद्यावर नकाशा, दुसऱ्याच्या पडद्यावर राक्षसांची माहिती. त्यामुळे एकमेकांना विचारल्याशिवाय पुढे जाता येत नसे. २००९ मध्ये याच मालिकेतल्या ‘एकोज ऑफ टाइम’ने हातातला डीएस आणि घरातला वी एकत्र आणले. २०२० च्या ऑगस्टमध्ये मूळ गेम नव्याने आला तो स्विच, प्लेस्टेशन ४ आणि मोबाइलवर. आता वायर नको, पण शेजारी बसून खेळायची सोयही गेली, सगळं इंटरनेटवरून. एकाने पूर्ण गेम विकत घेतला की बाकीच्यांना फुकट आवृत्तीतून सामील होता येतं.

गोष्ट साधी आहे. जगभर विषारी धुकं पसरलंय. प्रत्येक गावाला एक स्फटिक वाचवतो, पण त्याची शक्ती वर्षभरच टिकते. म्हणून गावची तरुण मंडळी दरवर्षी तांडा घेऊन निघतात आणि झाडांवरून ‘मर’चे तीन थेंब कलशात भरून आणतात. मर म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीला देतात तो हिराबोळ! वाटेत कलशाभोवतीच्या रिंगणाबाहेर पाऊल पडलं की जीव कमी होऊ लागतो. आणि ज्याच्या हातात कलश, त्याला लढता येत नाही.

आईचा फोन बोलायला आणि स्वतःचा खेळायला, असा भावाचा थाट होता. दोघांनी वेळ साधून एकाच जागी आगीचा मंत्र टाकला की मोठी आग होते. ते जमायला आम्हाला तीन रात्री लागल्या. “एक, दोन, टाक!” ऐकून आई विचारायची, “काय टाकून राहिले रे?”

मी मात्र दिसला राक्षस की पुढे धावायचो आणि धुक्यात मरायचो. चौथ्या रात्री भाऊ म्हणाला, “दादा, तू सारखा पुढंच पळतो. कलश कोण उचलील?”

तो गेमबद्दलच बोलत होता. पण मला झोप लागली नाही. शिकायला मी बाहेर पडलो तेव्हा शेत, बाबांची औषधं, आईची धावपळ त्याच्यावर आली. मी कधी विचारलंही नव्हतं.

या गेममध्ये प्रवासात घरून पत्रं येतात. उत्तर द्यायचं, जमलं तर भेट पाठवायची. दुसऱ्या दिवशी मी गेम न उघडता फोन लावला आणि पहिल्यांदा विचारलं, “वेचणीला माणसं मिळाली का?” तो अर्धा तास बोलला.

तेव्हापासून वेचणीच्या दिवसांत मी आठवडाभर गावी असतो. रात्री खेळतोही, एकाच खाटेवर बसून, दोन मोबाइल घेऊन. कलश आता आळीपाळीने उचलतो.