जखमेवर आधी कोण पोहोचतं?

फळ स्वच्छ धुतलं की ते जास्त टिकेल, असं कुणालाही वाटेल. एडो खालुत्झ आणि चार्ल्स विल्सन या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेली निरीक्षणं मात्र उलटी होती. धुतलेली लिंबूवर्गीय फळं न धुतलेल्यांपेक्षा लवकर सडत होती. साल धुतलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव त्यांनी प्रयोगशाळेत वाढवून पाहिले. दाट पाण्यातून फक्त जिवाणू आणि यीस्ट उगवले; तेच पाणी पातळ केल्यावर सडवणाऱ्या बुरश्या दिसू लागल्या. म्हणजे बुरशी आधीपासून होतीच, सालीवरची वस्ती तिला दाबून ठेवत होती.

संत्र्या-मोसंब्यावरची हिरवी बुरशी, पेनिसिलियम डिजिटॅटम, धडधाकट सालीतून आत शिरत नाही. फळ ओढून तोडताना देठापाशी साल फाटते, क्रेटमध्ये खरचटते, तिथून ती शिरते. जखमेतून पाझरणाऱ्या गोड रसावर तिचा बीजाणू रुजतो. यीस्टलाही तोच रस हवा असतो आणि त्याची वाढ झपाट्याची. बीजाणू रुजायच्या आत त्याने जखम व्यापली, तर बुरशीला ना जागा उरते ना अन्न. काही यीस्ट याहून पुढे जातात. मेश्निकोविया पुल्चेरिमा परिसरातलं लोहच लाल रंगद्रव्यात बांधून टाकतं. कँडिडा ओलिओफिला बुरशीची पेशीभित्ती पोखरणारी विकरं स्रवतं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मुख्य काम उपासमारीनेच होतं. खाणाऱ्याच्या पोटात जाईल असं विष लागत नाही.

याच कँडिडा ओलिओफिलापासून बनलेल्या ‘अस्पायर’ या उत्पादनाला अमेरिकेत १९९५ मध्ये नोंदणी मिळाली, पण काही वर्षांत ते बाजारातून गेलं. पॅकहाउसमध्ये, म्हणजे फळं निवडून भरतात तिथे, त्याचा परिणाम एकसारखा येत नव्हता. थायाबेंडाझोल या बुरशीनाशकाची अगदी कमी मात्रा सोबत दिली, की ते नेहमीच्या रासायनिक उपचाराच्या तोडीस तोड ठरे. तेच बुरशीनाशक वर्षानुवर्षं वापरल्याने त्याला न जुमानणाऱ्या बुरश्या पॅकहाउसांत तयार होतात, हे लक्षात घेतलं तर मात्रा कमी होणं ही मोठीच कमाई आहे. यीस्टला सरसकट बुरशीनाशकाच्या मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. आत रुजलेल्या रोगापुढे यीस्टचं फारसं चालत नाही. हापूसवरचा करपा बागेतच, कोवळ्या फळात शिरून दडून बसतो आणि आंबा पिकताना काळे डाग दाखवतो. तिथे काढणीनंतरच्या यीस्टकडून फार आशा ठेवू नये. नागपुरी संत्र्याच्या हिरव्या बुरशीचं तसं नाही, कारण तिची वाट बहुधा तोडणीच्या जखमेतूनच जाते. मात्र माल नागपूरच्या कळमना बाजारात ढिगाने ओतल्यावर फवारून उपयोग नाही. यीस्ट बागेतच, तोडणीच्या आधी किंवा त्याच दिवशी, सालीवर पोहोचायला हवं.