बाजरीचे वाण आणि पांडुरोगातील पथ्य

पांडुरोगाच्या रुग्णास आहार सांगताना ‘बाजरीची भाकरी घ्यावी’ एवढ्यावर आपण थांबतो. परंतु वाणागणिक बाजरीतील लोहाचे प्रमाण पुष्कळ बदलते. औषधी द्रव्य पारखताना आपण जी चिकित्सक दृष्टी ठेवतो, तीच धान्याविषयीही ठेवणे अगत्याचे आहे.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व हैदराबादनजीकच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ यांच्या सहकार्यातून ‘धनशक्ती’ हे वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाले. त्याच्या एक किलो धान्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. ते संकरित नसल्याने शेतकऱ्यास घरचे बियाणे राखता येते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील शालेय मुलामुलींवरील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोहसमृद्ध बाजरीच्या सेवनाने शरीरातील लोहसाठा वाढल्याचे आढळले.

तथापि धान्यातील फायटेटमुळे लोहाचे शोषण मंदावते; भिजविणे, मोड आणणे वा आंबविणे या संस्कारांनी तो अडथळा कमी होतो. बाजरी रूक्ष असल्याने वातप्रधान रुग्णास ती तूप वा लोण्यासह द्यावी. भोगीच्या तीळ लावलेल्या भाकरीत व लोण्यात हाच विचार दिसतो.

औषधालयचालकांनी एक दक्षता घ्यावी. बाजरीचे पीठ अल्पकाळातच कडवट होते. म्हणून वाणाचे नाव व दळल्याचा दिनांक नसलेले पाकीट विक्रीस ठेवू नये.

भाकरी हे पथ्य आहे. तीव्र पांडुरोगात ती लोहकल्पांची जागा घेऊ शकत नाही. मात्र योग्य पथ्याने औषधाचे कार्य सुकर होते.