विकत मिळणारी रांग : डिस्ने वर्ल्डच्या एका दशकाचा मागोवा

फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये 2026 मधील ऐन गर्दीच्या तारखांसाठी मॅजिक किंग्डम या उद्यानाचे एका दिवसाचे तिकीट 209 डॉलर झाले, दोनशेचा आकडा तेथे प्रथमच ओलांडला गेला, आणि सामान्य अमेरिकी कुटुंबाची जुनी तक्रार नव्याने वर आली. तक्रार रास्त असली तरी ती बहुधा तिकिटाच्या आकड्यापाशीच थांबते. त्या तिकिटात पूर्वी काय काय मिळत असे, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

1971 मध्ये प्रवेशाला साडेतीन डॉलर पडत, हे स्मरणरंजनपर लेखनात हमखास सांगितले जाते. आजच्या मोलाने ती रक्कम तीस डॉलरच्याही आत भरते. परंतु तिच्यात आतले खेळ येत नसत, त्यांच्यासाठी ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणींची कुपने वेगळी घ्यावी लागत. 1982 मध्ये एप्कॉट हे दुसरे उद्यान उघडताना ही कुपने गेली आणि एकदा पैसे भरल्यावर हवे तितके खेळ खेळण्याची मुभा आली. पुढची बरीच वर्षे भाव चढत राहिले, याखेरीज त्यांत सांगण्यासारखे थोडेच आहे. 1999 मधील ‘फास्टपास’ तेवढा अपवाद : यंत्रात तिकीट सरकवले की परत येण्याची तासाभराची मुदत छापलेली चिठ्ठी मिळे, त्या मुदतीत आल्यास आखूड रांगेतून सोडत, आणि यासाठी कोणालाही वेगळा पैसा मोजावा लागत नसे.

2011 ते 2021 हे दशक मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. 2011 मध्ये 85 डॉलर असलेले तिकीट 2015 मध्ये 105 वर गेले. 2016 पासून हंगामानुसार आणि 2018 पासून तारखेनुसार वेगवेगळे भाव लागू झाले. गर्दी विभागली जावी, हे त्याचे समर्थन होते. पण मुलांच्या शाळेला सुट्टी लागेल तेव्हाच निघू शकणारे कुटुंब विभागले जाऊन जाणार कोठे, याचे उत्तर त्या समर्थनात कधीच नव्हते. दरम्यान चिठ्ठीची जागा मनगटी पट्ट्याने आणि आगाऊ नोंदणीने घेतली. उद्यानाच्या हॉटेलात उतरणाऱ्याला ही नोंदणी साठ दिवस आधी करता येई, इतरांना तीस दिवस आधी. सवलत अजून फुकट होती, तरी तिच्यात पंक्तिप्रपंच शिरला होता.

मार्च 2020 मध्ये महामारीमुळे उद्याने बंद झाली आणि पुन्हा उघडल्यावर बरेच काही परतले नाही. हॉटेलच्या पाहुण्यांना फुकट मिळणारा पट्टा 2021 च्या आरंभी गेला, तर 2005 पासून त्यांना विमानतळावरून मोफत आणणारी बस वर्षभराने बंद पडली. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्याच महिन्यात, ऑक्टोबर 2021 मध्ये, फास्टपासऐवजी ‘जीनी प्लस’ ही माणशी रोज 15 डॉलरची सेवा आली. उद्याने भरलेली असताना भाव अवाजवी कसा म्हणावा, हा अर्थशास्त्री युक्तिवाद तेव्हाही झाला, पण या मुद्द्याला तो भिडत नाही, कारण श्रीमंताच्या आणि कारकुनाच्या मुलाने एकाच रांगेत तिष्ठावे, हा त्या सुट्टीचा एक भागच होता आणि तो मोडून सुटा विकण्यात आला.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या लेकीकडे उन्हाळ्यात आलेल्या पुण्या-नाशिकच्या आईवडिलांना तर हा भाव दुहेरी चढलेला दिसतो, कारण 2011 मध्ये सुमारे 45 रुपयांना असलेला डॉलर आता 85 च्या पुढे गेला आहे.

हॉटेलांतील वाहनतळासाठी 2018 मध्ये बसवलेले शुल्क 2023 मध्ये उठले आणि त्याचे कौतुकही झाले. रांगेचा सौदा मात्र पुढेच गेला. 2024 मध्ये जवळजवळ सर्व प्रमुख खेळांच्या रांगा वेळेचे बंधन न पाळता टाळू देणारा ‘प्रीमियर पास’ आला. मॅजिक किंग्डममध्ये त्याचा सर्वोच्च भाव माणशी दिवसाला 449 डॉलर ठेवला गेला, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला 1,796 डॉलर, आणि प्रवेशाचे तिकीट त्यात धरलेले नाही.