आद्य ख्रिस्ती विचार आणि आपली श्रद्धा

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने धर्मावर बोलावे, आणि तेही दुसऱ्याच्या धर्मावर, याचे आपणांस नवल वाटेल. मी वारकरी घरातला. शाळा दहावीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण सातपूरच्या रातपाळीत, यंत्र बंद पडले की वाचलेल्या जुन्या पुस्तकांतून झाले. अशाच एका पुस्तकात मला सेल्सस नावाचा पंडित भेटला. दुसऱ्या शतकात त्याने ख्रिस्ती लोकांची टिंगल केली, ती अशी की, लोकर विणणारे, जोडे शिवणारे, कपडे धुणारे असले अडाणी लोक घरोघर हा धर्म शिकवीत फिरतात. त्याचा मूळ ग्रंथ आज उरलेला नाही. पण २४८ च्या सुमारास ओरिगेन या विद्वानाने त्याला सविस्तर उत्तर लिहिले व त्या उत्तरातच ही टिंगल टिकून राहिली. ती वाचून मला वाटले, ही तर आमचीच मंडळी! आणि मी पुढे वाचू लागलो.

आद्य ख्रिस्ती विचार म्हणजे येशूनंतरच्या पहिल्या चार-पाच शतकांतील विचार. ३१३ साली रोमन साम्राज्यात या धर्माला उघड मोकळीक मिळाली. त्याआधी त्याच्या पाठीशी राजसत्ता नव्हती, उलट वेळोवेळी छळच होता. ३२५ साली नायसिया येथे धर्मगुरूंची परिषद भरली. येशूचे परमेश्वराशी नाते काय, हा तेथील मोठा वाद. परिषदेने निर्णय दिला, तरी वाद पुढे कित्येक वर्षे चालूच राहिला. आज प्रार्थनेत जी वचने एका दमात म्हटली जातात, त्यांतला शब्द न् शब्द असा घासून पारखून घेतलेला आहे. श्रद्धावान माणसे प्रश्न विचारीत नाहीत, हा माझा समज येथेच गळून पडला.

आपल्या महाराष्ट्रात हे प्रश्न कोणी विचारले? पंडिता रमाबाईंनी. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच त्यांचा पत्रांतून वाद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धांत मूळ ग्रंथात कोठे आहे, तो केवळ धर्मपीठ सांगते म्हणून का मानावा, असे त्यांचे विचारणे होते. पुढे त्यांची काही मते बदलली. पण स्वतः वाचून ठरविण्याची वृत्ती बदलली नाही. हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. साध्या बायकांना कळावे, अशी त्याची भाषा ठेवली. १९२२ साली निधन होण्यापूर्वी ते काम त्यांनी पुरे केले.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे. गोदाकाठचे जलालपूर हे लक्ष्मीबाई टिळकांचे जन्मगाव. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मात्र त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत; काही वर्षांनी, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर, त्यांनी तो धर्म घेतला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक म्हणत. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही कल्पना. संस्था मोठी झाली, की मूळ बंधुभाव कोठे राहिला हे शोधावे लागते. १९१९ साली टिळक गेले; पण तो शोध मला फार मोलाचा वाटतो.

आता माझ्यापुरते सांगतो. चौथ्या शतकात कॅपाडोशियात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा बेसिल या धर्मगुरूने श्रीमंतांना बजावले, की तुमच्या कोठारात साठलेले धान्य भुकेल्यांचे आहे. तो नुसता बोलला नाही. त्याने गोरगरिबांसाठी व रोग्यांसाठी नगराबाहेर मोठे आश्रयस्थान उभारले. त्याही आधीच्या याकोबाच्या पत्रात, मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असा आशय आहे. हे मी मालकाकडे बोट दाखवीत वाचीत होतो. त्याच सुमारास एका कारखान्यात वेतनकरार झाला. कायम कामगारांना चांगली वाढ मिळाली, गुलाल उधळला, मला हार घातले. कंत्राटी कामगारांविषयी त्या करारात एक ओळही नव्हती. आणि खाली सही माझी होती. मजुरी ओरडत होती ती माझ्या सहीखालून!

पुढच्या मागणीपत्रात मी त्यांची मागणी पहिली घातली. आपल्याच माणसांचा रोष झाला व संघटनेच्या निवडणुकीत माझे पद गेले. त्याचे दुःख झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

या अभ्यासाने जुनी माणसे देव होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. धनिकांवर कोरडे ओढणाऱ्या योहान क्रिसोस्तोमनेच यहुदी लोकांविरुद्ध अत्यंत कठोर प्रवचने दिली. तेव्हा चांगले ते घ्यावे आणि वाईटाला वाईट म्हणावे. त्यासाठीच तर मुळातून वाचायचे!

मी ख्रिस्ती झालो नाही. एकादशी आजही धरतो. पण पूर्वी वडिलांनी घातली म्हणून माळ घालीत होतो. आता ती घालताना हातून कोणाचे काय राहिले, याचा हिशेब मनात येतो. ऐकून मिळालेली श्रद्धा ही उसनवारीची असते. प्रश्न विचारून, वाचून आणि थोडी किंमत मोजून ती आपली करून घ्यावी लागते, मग आपण कोणत्याही देवळात जात असू.