गल्ला कमी भरला, पोरगा घाबरला. मग चोर तोच का?

नारायणगाव असो की मंचर, दुकान म्हटलं की हा प्रसंग येतोच. माझ्या गल्ल्यात एकदा २,००० रुपये कमी भरले. कामावरचा पोरगा घामाघूम झाला, मी त्यालाच धरलं. रात्री वही पाहिली, तर व्यापाऱ्याला दिलेले पैसे मीच लिहायला विसरलो होतो. पोरगा मात्र परत आला नाही.

घाबरणं म्हणजे पुरावा नव्हे. २००८ मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या प्रतिक्रियांची चाचणी ग्राह्य धरली होती. पण २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं, संमतीशिवाय अशी चाचणी करायची नाही. मग आपण नुसत्या चेहऱ्यावरून निकाल कसा देणार?

चालीचा मात्र तपासात उपयोग होतो. गौरी लंकेश खून प्रकरणात सीसीटीव्हीतली चाल संशयिताच्या चालीशी ताडून पाहिली गेली. म्हणून एक कॅमेरा असा लावा, की दारातून येणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल. त्यातली तारीख-वेळ बरोबर ठेवा.

आणि क्रम पाठ करा: आधी वही, मग फुटेज, सगळ्यात शेवटी माणूस. दोन हजार परत कमावता येतात, विश्वासाचा माणूस नाही!