पाण्यावरचे तेल

तेलाची वाटी नुसत्या पाण्याने विसळून पाहा. पाण्यावर तेलाचा तवंग तरंगू लागतो. एका वाटीचे असे, तर हजारो टन तेल वाहून नेणाऱ्या जहाजाचे काय होत असेल?

जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलापासून पेट्रोल, डिझेल, रॉकेल तयार करतात. हे तेल समुद्रातून नेणाऱ्या जहाजाला टँकर म्हणतात. टँकरच्या पोटात मोठमोठ्या टाक्या असतात. तेल उतरवले, की टँकर हलका होतो. हलके जहाज वादळात फार डोलते. म्हणून परतताना रिकाम्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरत. टाक्यांना चिकटलेले तेल त्या पाण्यात मिसळे. टाक्या धुतल्या, तरी तेच होई. मग हे तेलकट पाणी टाकायचे कोठे?

पूर्वी ते सरळ समुद्रात सोडून देत. एवढ्या मोठ्या समुद्राचे त्याने काय बिघडणार, असे लोकांना वाटे. पण बिघडत होते. पक्ष्यांची पिसे तेलाने चिकटत. मग थंड पाणी त्यांच्या अंगाला लागे आणि ते गारठून मरत. समुद्रातील तेलाचे काळे, चिकट गोळे होतात. पावसाळ्याच्या सुमारास गोव्याच्या किनाऱ्यावरही असे डांबरगोळे वाहत येतात.

अखेर अनेक देशांनी मिळून एक करार केला. तो १९८३ साली लागू झाला. जहाजांनी तेलकट पाणी वाटेल तेथे सोडायचे नाही आणि बंदरांनी ते उतरवून घेण्याची सोय करायची, असे त्यात ठरले.

अमेरिकेच्या अलास्का राज्यातील व्हाल्डीझ बंदरात अशी सोय १९७७ सालीच झाली होती. तेथे सुमारे १,३०० किलोमीटर लांबीच्या नळातून तेल येते. तेल भरून घ्यायला येणारे टँकर आधी आपले तेलकट पाणी नळाने किनाऱ्यावर देत. हे पाणी प्रचंड टाक्यांत काही तास स्थिर ठेवत. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते वर येई. ते काढून घेत. मग पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडत. उरलेले तेलाचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येत. तरीही पाण्यात विरघळलेला काही अंश राहतोच. तो कोण खाणार? डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव! त्यांनी आपले काम केले, की पाणी खाडीत सोडत.

याच बंदरातून निघालेला 'एक्झॉन व्हाल्डीझ' हा टँकर २४ मार्च १९८९ रोजी खडकावर आदळला. सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात सांडले. लाखो पक्षी आणि हजारो पाणमांजरे मेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला, की टँकरला दुहेरी तळ व दुहेरी भिंती हव्यात. आता भाराचे पाणी दोन भिंतींमधील वेगळ्या जागेत भरतात. त्याला तेल लागतच नाही. त्यामुळे व्हाल्डीझला येणारे तेलकट पाणी पुष्कळ कमी झाले आहे.

घाण झालेले पाणी स्वच्छ करता येते. पण ते घाण होऊच न देणे अधिक सोपे. तेलाच्या वाटीचेही तसेच आहे. विसळण्याआधी ती कागदाने पुसून घ्या आणि मग पाण्याकडे पाहा.